किरणाला गेलेला पाला

दगडाबाईच्या आधी तिच्या आईची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथी ही झाली, तेव्हा तिच्या आजीनं कुणाचा सल्ला घेतला नाही. बाळ उचललं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं, परत आणलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यो दगुड हाय. दगडाला कोण नेतंय?" कुणी नेलं नाही. दगडाबाई जगली, माकणीत नांदायला आली, भूकंपात पडलेल्या घरातून स्वतःच्या पायांनी बाहेर निघाली, नवऱ्यामागं एका लेकाला वाढवून त्याचं लग्न लावलं. आता पासष्टी उलटली तरी तिच्याशी वाद घालायचा म्हणजे माणूस आधी तांब्याभर पाणी पिऊन येतो.

अशा बाईचा विश्वास दोन ठिकाणी. एक तुळजापूरची आई आणि दुसरं ऊन. आईला वर्षातून एकदा भेटायचं, उन्हाला रोज. गोधडी असो, तुरीची डाळ असो, लोणच्याची बरणी असो, नाहीतर बाळंतिणीच्या लेकराचे पाय असोत, दगडाबाईच्या हाती आलं की ते उन्हात जायचं. "ऊन दाखवलं की किडा न्हाय, बुरशी न्हाय, दोष न्हाय," हे तिचं शास्त्र. एकदा सून शिवांजलीचा मोबाइल हौदात पडला. दगडाबाईनं तो दिवसभर पत्र्यावर वाळत घातला आणि संध्याकाळी तो खरंच वाजला. त्या दिवसापासून तर उन्हाविरुद्ध घरात कुणाला तोंड उघडायची सोय राहिली नाही.

तिचं रान धरणाच्या पाण्याच्या अंगाला. त्यातल्या अर्ध्या एकरात तिनं शेवगा लावला होता. शेंगा विकायच्या म्हणून लावला, पण शेंगांना धड भाव मिळेना. तिचा लेक कुलदीप रोज त्या झाडांकडं असा बघायचा, जसं जावई सासऱ्याच्या जुन्या स्कूटरकडं बघतो.

"आये, सगळ्या शिवारात ऊस उभा हाय आन् आपल्या रानात ह्या काड्या," तो म्हणायचा. "लोक हसत्यात."

"हसू दे. हसायला काय ऊस लागत न्हाय."

पण नुसत्या बोलण्यानं झाडं राखता येत नाहीत, हे तिलाही कळत होतं. तेवढ्यात बचत गटाच्या बायकांना पाल्याची वाट सापडली. शेवग्याचा पाला धुवायचा, वाळवायचा, दळून भुकटी करायची. पुण्याचा एक व्यापारी ती भुकटी परदेशी धाडायचा. वाळवायची सोय झाली दगडाबाईच्या मैत्रिणीकडं, अजीजाबीकडं. तिचा नवरा नबीलाल मंडपाचा धंदा करायचा. लग्नसराईत त्याचं सगळं सामान बाहेर असायचं, तेव्हा सामानाची मोठी खोली मोकळी. जाड भिंतीची, थंडगार, खिडक्या दोन्ही अंगाला. पाला सावलीतच वाळवा असं व्यापाऱ्यानं बजावलं होतं. दगडाबाईला ते पटलं नव्हतं, पण घर अजीजाबीचं होतं आणि अजीजाबीही काही कमी नव्हती.

व्यापाऱ्यानं पहिली मूठभर भुकटी तपासायला नेली आणि निरोप धाडला: चव चांगली, रंग चांगला, पण जंतू जास्त. परदेशात असली भुकटी घेत नाहीत. जंतू मारायचे तर कांद्या-मसाल्याला देतात तशी गॅमा किरणं द्यावी लागतील. लांब नाशिकच्या बाजूला तसलं केंद्र आहे. आणि किरणं दिल्यावरही पाल्यातलं अँटिऑक्सिडंट टिकलं पाहिजे, कारण गिऱ्हाईक पाला घेतं तेच त्याच्यासाठी. ते टिकलं तर वर्षभर माल घेऊ, नाही टिकलं तर राम राम.

हे सगळं समजावून सांगायला धाराशिवच्या प्रयोगशाळेतली एक पोरगी आली. नाव मोनिका. स्कूटीवरून आली, हेल्मेट काढलं आणि सरळ अजीजाबीच्या ओसरीवर मांडी घालून बसली. बायकांना ती तिथंच आवडली.

"अँटिऑक्सिडंट म्हणजे असं बघा," मोनिका म्हणाली. "कोयता पावसात राहिला की गंजतो ना? तसं आपल्या अंगातही आतल्या आत काही ना काही गंजत असतं. पाल्यातला हा गुण तो गंज स्वतःवर घेतो, अंगाला लागू देत नाही."

"म्हंजे कोयत्याला तेल लावून ठिवावं तसं," दगडाबाई म्हणाली.

"अगदी तसं, आजी."

मग त्या लांबलचक नावाला बायकांनी हातच लावला नाही. त्या गुणाचं नाव पडलं गंजराखण.

अजीजाबी कोपऱ्यात पाला निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पोरी, एक सांग. ते किरण जंतूला मारतंय. मग ह्या तुझ्या गंजराखणीला कशापायी सोडंल? मारणारा काय आधार कार्ड बघून मारतोय का?"

बायका हसल्या, पण सगळ्यांच्या पोटात तोच प्रश्न होता. मोनिकानं थाप मारली नाही. "खरं सांगू, चाची? सोडेल की नाही, ते पाल्यावर आहे आणि किरणं किती दिली त्यावर आहे. काही भाज्यांत गुण घटतो, काहींत तसाच राहतो, काहींत तर किरणांनंतर जरा जास्तच सापडतो. तुमच्या पाल्याचं काय होईल, ते तपासल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही."

"मग तपास," दगडाबाई म्हणाली. "उगं अंदाजपंचे बोलून काय फायदा?"

ठरलं ते असं. एकाच परातीतली भुकटी दोन पाकिटांत भरायची. एक पाकीट मोनिकानं आत्ताच न्यायचं, ते बिनकिरणाचं. दुसरं पाकीट तीन-चार दिवसांनी नाशिकची गाडी जाईल तेव्हा किरणाला धाडायचं, आणि परत आलं की त्याच प्रयोगशाळेत द्यायचं. दोन्हींतली गंजराखण मोजायची आणि ताडून बघायची. पाकिटांची तोंडं मेणबत्तीच्या आचेवर डकवली. मोनिका पहिलं पाकीट घेऊन गेली. दुसरं दगडाबाईनं पदराखाली धरून घरी आणलं.

गावात बातमी तिच्या आधी पोचली होती. शंभुलिंग आप्पाचं किराणा दुकान म्हणजे गावचा रेडिओ, आणि त्याला बंद करायचं बटन नव्हतं.

"काय दगडाबाई," आप्पा गल्ल्यावरून ओरडला, "पाल्याला करंट द्यायला निघालाव म्हणं! खाणाऱ्याचं पोट कंदिलावानी पेटंल की!"

दगडाबाई थांबली. "आप्पा, गेल्या साली लातूरला तुमच्या कंबरेचा फोटू काढला. त्यातबी किरणंच असत्यात."

"मग?"

"मग तुमचं लाइटबिल कमी आलं का?"

दुकानातली गिऱ्हाइकं एवढी हसली की आप्पानं एकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

पण घरी जेवताना कुलदीप हसला नाही. त्यानं भाकरी मोडली आणि म्हणाला, "आये, आता माझंबी ऐक. तुझा नमुना उतरला तर म्या शेवग्याचं नाव काढणार न्हाय. न्हाय उतरला तर पाऊस पडायच्या आत ट्रॅक्टर लावून झाडं काढतो आन् ऊस लावतो. मग तू रडायचं न्हाय."

"दगुड रडलेला बघितलास का कधी?"

"कबूल हाय का ते सांग."

शिवांजली तव्याकडं तोंड करून उभी होती, पण तिचा कान मागं होता. दगडाबाईनं आमटीचा भुरका मारला. "कबूल."

बोलली खरी, पण पुढची भाकरी तिनं घेतली नाही. त्या झाडांच्या फांद्या तिनं स्वतः आणून रोवल्या होत्या. नवरा गेला त्या उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालून जगवल्या होत्या. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, शेवगा दारात नको, घरात कटकट होते. ती म्हणायची, कटकट करायला मी आहे की, झाडाचं कशाला नाव घेता.

आता सगळं त्या एका पाकिटावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते हातात घेऊन बघितलं. बिचारं पाकीट. कुठं माकणी, कुठं नाशिक. गाडीत कोंदट हवा, कुठं दमट गोदाम, कुणाची ओली पोती शेजारी. आपल्याकडं लेक सासरी धाडताना डाळ-दाणा बांधून देतात, तोसुद्धा आधी ऊन दाखवूनच. लांबच्या वाटेला निघालेलं कुठलंही वाळवण ऊन दाखवल्याबिगर गावाबाहेर जात नाही, हे तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. दगडाबाईनं पाकिटाचं तोंड उघडलं, पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर भुकटी पसरली आणि पत्र्यावर नेऊन ठेवली. वर दुसरं विरळ फडकं, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

एप्रिलचं ऊन. पत्रा असा तापलेला की कावळासुद्धा एका पायावर बसत होता. गाडी येईपर्यंत रोज सकाळी भुकटी वर जायची आणि संध्याकाळी खाली यायची. हिरवागार रंग जरा पिवळसर झाला, तेव्हा तिला बरंच वाटलं. आता कसं, चांगलं खडखडीत वाळलं. तिनं पाकीट परत मेणबत्तीवर डकवलं, त्याला हळद-कुंकवाचं बोट लावलं आणि गाडीवाल्याला दिलं.

मे महिन्यात निकाल आला. शिवांजलीच्या मोबाइलवर आला आणि तिनं तो ओट्याशी उभं राहून वाचला. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

"आत्याबाई, जंतू सगळे मेलेत. पर गंजराखणबी लई घटली. बिनकिरणाच्या पाकिटात चांगली हाय. किरणाच्या पाकिटात..." तिनं मोबाइलच सासूपुढं धरला. दगडाबाईला आकडे वाचता येत होते. एक आकडा मोठा होता, एक छोटा. तेवढं कळायला शाळा लागत नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आप्पानं दुकानात जाहीर केलं की त्याला हे आधीच ठाऊक होतं. गटातल्या बायका एकेक करून येऊन गेल्या. चहा तेवढा प्यायल्या. अजीजाबी आली आणि शेजारी बसली.

"म्या म्हणलं होतं ना," ती म्हणाली, पण त्यात टोमणा नव्हता, दुःख होतं. "मारणारा सगळ्यालाच मारतोय."

कुलदीपनं जेवण झाल्यावर सांगितलं, ट्रॅक्टरवाला सोमवारी येतोय. त्यानंही ते ताटाकडं बघत सांगितलं. जिंकलेल्या माणसाचा चेहरा काही तो नव्हता.

दगडाबाईला हारणं माहीत होतं. जन्मभरात दोनचारदा तरी हारलीच होती. पण हारताना कारण कळायला हवं, असा तिचा हट्ट. ती अजीजाबीला म्हणाली, "उद्या धाराशिवला चल. त्या पोरीला तोंडावर विचारू, असं कसं झालं."

"विचारून काय हुणार?"

"काय न्हाय झालं तर एसटीत बसून गप्पा हुतील. लई दिवसांत लांब गेलो न्हाय."

मोनिकानं दोघींना प्रयोगशाळेत बसवलं, पाणी दिलं, आणि गंजराखण मोजतात कशी ते दाखवायला दोन काचेच्या नळ्या काढल्या. दोन्हींत वांग्याच्या सालीसारखं जांभळं पाणी होतं. एका नळीत तिनं बिनकिरणाच्या पाल्याचा अर्क सोडला. जांभळा रंग हळूहळू विरत गेला आणि करडईच्या तेलासारखा फिका पिवळा उरला. दुसऱ्या नळीत किरणाच्या पाल्याचा अर्क सोडला. पाणी थोडं फिकं झालं आणि जांभळं ते जांभळंच राहिलं.

"गुण जेवढा जास्त, तेवढा रंग उडतो," मोनिका म्हणाली. "पण आजी, मलाच हे कोडं आहे. एवढ्या किरणांनी एवढी घट? जरा घटली असती तर म्हटलं असतं ठीक आहे. दोन्ही पाकिटं एकाच परातीतली होती ना?"

"एकाच परातीतली. तुझ्यासमोरच भरली की."

"आणि ठेवली सारखीच?"

"सारखीच कशी?" दगडाबाईचा आवाज अभिमानानं चढला. "तुझं पाकीट तू लगेच नेलंस. पर जे लांब जाणार हुतं, त्याला म्या असं सोडलं व्हय? गाडी येईपोतर रोज पत्र्यावर ऊन दाखवलं. कडक ऊन! निस्तं खडखडीत करून धाडलं."

मग मोनिकानं कपाळावर हात मारला आणि हसायला लागली. हसता हसता तिनं स्टूल धरलं.

"आजी! अहो, उन्हातसुद्धा किरणंच असतात. आणि वर पत्र्याचा ताव. भुकटी पसरलेली, उघडी, रोज दिवसभर. नाशिकच्या किरणांच्या आधी तुम्ही घरीच किरणं दिलीत की!"

अजीजाबीनं मैत्रिणीकडं असं बघितलं, जसं दूध उतू घालवणाऱ्या सुनेकडं बघतात. "दगडे. माझ्या खोलीत एवढं सांभाळून सावलीत वाळवलं. आन् तू?"

दगडाबाईचा चेहरा उतरला. ज्या उन्हाला जन्मभर हात जोडले, ते असं फिरलं? "म्हंजे माझ्या उन्हानंच खाल्लं का सगळं?"

"कदाचित उन्हानं. कदाचित किरणांनी. कदाचित दोघांनी वाटून," मोनिका म्हणाली. "दोन गोष्टी एकात मिसळल्या, म्हणून आपल्याला कळायचं राहिलं. या वेळी तीन पाकिटं करू. एक नुसतं सावलीचं. एक सावलीचं आणि किरणाचं. एक फक्त तुमच्या उन्हाचं. मग कोण चोर ते आपोआप कळेल."

परतीच्या एसटीत अजीजाबी जी बोलायला लागली ती माकणीपर्यंत थांबली नाही. दगडाबाईनं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्याची तिला सवय नव्हती, पण त्या दिवशी जमलं.

घरी आल्याबरोबर तिनं अंगणातच कुलदीपला गाठलं. "सोमवारचा ट्रॅक्टर थांबव."

"आये, कबूल झालीस ना?"

"नमुन्याला कबूल झाले हुते. नमुना म्या बिघडवला. पाल्याची न्हाय, माझी खोड हाय ही." आणि तिनं सगळं सांगितलं, पत्र्यापासून हळद-कुंकवापर्यंत.

कुलदीप ऐकत राहिला. मग खांबाला टेकून एवढा हसला की शिवांजली कणकेच्या हातानं बाहेर आली. "वाचवायला उन्हात नेलं आन् उन्हानंच मारलं! आये, तुला तर..."

"हसून झालं का? मग सांग. अजून एक डाव."

त्यानं आभाळाकडं बघितलं. ढग अजून यायचे होते. "पाऊस पडायच्या आत निकाल आला तर बघू. न्हायतर ट्रॅक्टर."

या वेळी सगळी सूत्रं अजीजाबीनं हातात घेतली. गटातल्या बायका एका सकाळी जमल्या, पाला खुडला, धुतला, मंडपाच्या खोलीत अंथरला. वाळल्यावर दळला, एकाच परातीत कालवला, आणि सगळ्यांनी बघत असताना तीन पाकिटांत भरला. किरणाला जाणारं पाकीट अजीजाबीनं थेट स्वतःच्या लोखंडी पेटीत टाकलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवली.

"माझ्यावर एवढा संशय?" दगडाबाई म्हणाली.

"तुझ्यावर न्हाय. तुझ्या हातावर. तुझा हात पत्र्याकडं गेल्याबिगर ऱ्हात न्हाय." मग तिनं तिसरं पाकीट पुढं केलं. "हे घे. हे तुझं. पोटभर ऊन दाखव."

जन्मात पहिल्यांदा दगडाबाईनं काहीतरी पत्र्यावर घातलं आणि मनातल्या मनात म्हणाली, देवा, ह्याचं वाटोळं होऊ दे.

ढग यायच्या आत किरणाचं पाकीट नाशिकहून परत आलं. नमुना तपासायच्या दिवशी नबीलालची मंडपाची जीप भरून निघाली. गटातल्या बायका, अजीजाबी, दगडाबाई. चालवायला कुलदीप; तो म्हणाला, मी नुसता चालवायला आलोय. वाटेत फाट्यावर शंभुलिंग आप्पा उभा होता. त्याला म्हणे धाराशिवला कोर्टात काम होतं. कोर्टाला त्या दिवशी सुट्टी होती, हे बायकांना ठाऊक होतं, पण त्याला बसवून घेतलं. बघायला कुणीतरी विरोधातलं असावं. नुसत्या आपल्या माणसांत जिंकण्यात काय मजा?

मोनिकानं तीन नळ्या ओळीनं ठेवल्या. तिन्हींत तेच जांभळं पाणी. सगळे टेबलाभोवती वाकले. एवढी डोकी एका ठिकाणी की पंख्याचा वारा कुणालाच लागेना.

"ही सावलीची," मोनिका म्हणाली आणि पहिल्या नळीत अर्क सोडला. सगळ्यांना माहीत होतं तसंच झालं. जांभळं विरलं, फिकं पिवळं राहिलं.

"ही उन्हाची." दुसऱ्या नळीत अर्क गेला. पाणी जरा फिकं झालं आणि तिथंच अडलं. वांग्याचं वांगंच राहिलं. अजीजाबीनं दगडाबाईच्या कमरेत कोपर मारलं. दगडाबाई हलली नाही. तिची नजर तिसऱ्या नळीवर होती. त्या बोटभर काचेत तिची अर्ध्या एकरातली झाडं उभी होती.

"आणि ही सावलीची, किरणाला जाऊन आलेली."

अर्क पडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. आप्पा खाकरला. मग खालून, तळापासून, रंग सुटायला लागला. जांभळ्याचं गुलाबी, गुलाबीचं राखाडी, राखाडीचं पिवळं. पहिल्या नळीशेजारी धरली तर दोन्ही जुळ्या बहिणी. किंबहुना ही जराशी जास्तच उजळ.

"झालं का?" कुलदीपनं विचारलं. नुसता चालवायला आलेला माणूस!

"थांबा, यंत्राला विचारू," मोनिका म्हणाली. यंत्रानंही तेच सांगितलं. सावलीचा आणि किरणाचा आकडा जवळजवळ सारखा, किरणाचा केसभर वर. उन्हाचा कितीतरी खाली. जंतू किरणाच्या पाकिटात नावाला नाहीत.

मग त्या प्रयोगशाळेत जो कालवा झाला, तो तिथल्या भिंतींनी कधी ऐकला नसेल. बायकांनी टाळ्या पिटल्या, एकीनं तर फुगडीला हात पुढं केले. शेजारच्या खोलीतले साहेब काय फुटलं म्हणून बघायला आले. अजीजाबीनं दगडाबाईचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कडाकडा बोटं मोडली. "या अल्ला, मारणारा शहाणा निघाला गं! जंतू मारले आन् गंजराखण ठिवली!"

"माझ्या उन्हापेक्षा शहाणा," दगडाबाई म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिनं हसण्यात खपवलं.

"किरणांनी गुण वाढला म्हणायचं का मग?" आप्पानं विचारलं. त्याला आता एकदम शास्त्रात गोडी वाटायला लागली होती.

"तसं नका म्हणू, आप्पा," मोनिका म्हणाली. "किरणांनी पाल्याच्या आतल्या गाठी जरा सैल होतात, म्हणून अडकलेला गुण बाहेर सापडतो, असं असू शकतं. वाढला म्हणून गावभर सांगू नका. टिकला, एवढं नक्की सांगा. आणि हे तुमच्या शेवग्याचं, एवढ्याच किरणांचं झालं. उद्या मेथी धाडली तर तिला पुन्हा वेगळं तपासायचं. क जीवनसत्त्व मात्र थोडं घटलंय, तेही रिपोर्टात लिहिणार आहे मी."

"लिही, सगळं लिही," दगडाबाई म्हणाली. "झाकून ठिवलेलं पाकीट परत उघडंच पडतंय, हे आमाला कळलंय आता."

त्याच टेबलावरून मोनिकानं व्यापाऱ्याला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. व्यापाऱ्यानं आकडे विचारले, पुन्हा एकदा विचारले, आणि म्हणाला, "आजींना सांगा, पाला तयार ठेवा. वर्षभर घेतो. पण सावलीतलाच हवा हं."

"सावलीतलाच," सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या. तो बहुतेक दचकला असावा.

गावात शिरताना कुलदीपनं जीपचा हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. पुढच्या चौकात हलगीवाला बसला होता. त्यानं विचारलं, लग्न कुणाचं? बायका म्हणाल्या, शेवग्याचं. त्यानं आणखी काही न विचारता हलगी तापवली. दगडाबाईच्या अंगणात चूल पेटली. किरणाला जाऊन आलेल्या पाकिटातली उरलेली भुकटी ज्वारीच्या पिठात घालून शिवांजलीनं धपाटे थापले, आणि पहिला गरम धपाटा दगडाबाईनं ताटलीत घालून आप्पापुढं ठेवला. सगळ्या गल्लीचं लक्ष त्या ताटलीवर.

आप्पानं तुकडा मोडला, दह्यात बुडवला, तोंडात टाकला. चावला. दुसरा तुकडा मोडला. "लसूण जरा कमी हाय," तो म्हणाला, आणि ताटली पुढं केली. "अजून एक वाढा."

त्यानंतर अडचण एकच उरली, ती सावलीची. लग्नसराई संपली, नबीलालचं मंडपाचं सामान खोलीत परत आलं, आणि पाल्याला जागा राहिली नाही. मग दगडाबाईनं स्वतःच्या घरात हुकूम सोडला. माजघरातली कॉट बाहेर गेली, कुलदीपच्या खोलीतला सोफा बाहेर गेला, जमिनीवर स्वच्छ चादरी पडल्या आणि त्यांच्यावर हिरवागार पाला. खिडक्यांना पडदे. जी बाई सकाळी उठून आधी दारं उघडायची, ती आता उन्हाची तिरीप आत आली तरी पदर धरून आडवी उभी राहायची. कुलदीप ओसरीवर झोपायला लागला. तक्रार करायला त्याला तोंड नव्हतं, आणि खरं म्हणजे त्याची इच्छाही नव्हती.

पावसाच्या तोंडावर एका सकाळी ट्रॅक्टर आला. या वेळीही कुलदीपनंच बोलावला होता. दगडाबाई झाडांना कोयता लावत होती. पाल्यासाठी शेवगा खांद्याइतका छाटावा लागतो, मग त्याला झुडपासारखे फुटवे येतात. ट्रॅक्टर शेवग्याच्या कडेकडेनं गेला आणि पलीकडच्या मोकळ्या तुकड्यात शिरला, जिथं आता ऊस लागणार असं दगडाबाई धरून चालली होती. कुलदीप पुढं चालत खुणेची काडी रोवत होता.

"आरं, तिकडं काय करतूस?" तिनं ओरडून विचारलं.

"खड्डे!" तो तिकडून ओरडला. "तेवढ्या झाडांचा पाला वर्षभर पुरतोय व्हय? व्यापाऱ्याला काय धपाट्याला पुरंल एवढाच धाडणार हायस?"

दगडाबाईनं कोयता खाली ठेवला, पदरानं कपाळ पुसलं आणि बांधावर चढली.

"मग लांब लांब घे की रं!" ती ओरडली. "हातभर अंतरानं काय लावतूस, ऊस हाय का त्यो?"